सहाव्या मैलावरचं पाणी

घागर रिकामी होती आणि माझा नवरा कामठीकडून धावत येत होता. दुसऱ्यांदा.

पहिल्यांदा तो आला त्याला अर्धा-पाऊण तास झाला असेल. मी स्वतःच्या हातानं त्याला पाणी पाजलं होतं. सगळी घागर. मग तो नागपूरच्या दिशेनं निघून गेला आणि त्याची पाठ दिसेनाशी होईपर्यंत मी बघत उभी होते. आणि आता तोच माणूस, तेच वर खोचलेलं धोतर, डोक्याला तोच लाल पंचा — ज्याची कड मी आदल्या दिवशी शिवून दिली होती — पुन्हा कामठीच्याच बाजूनं येत होता. झोकांड्या खात. माझ्यापासून शंभरेक पावलांवर असताना त्यानं सडक सोडली आणि तो डावीकडच्या पडीक वावरात उतरला. मी बघितलं कुठं चालला म्हणून... तर वावरात त्याच्यापुढं आणखी एक जण उभा होता. पाठमोरा. लाल पंचा.

दोघंही मला एकाच वेळी दिसत होते. भर उन्हात. त्यातला एक माझा नवरा होता आणि कोणता ते मला कळत नव्हतं.

आता पहिल्यापासून सांगते.

मी चौथी पास बाई. भुताखेतांवर माझा विश्वास नव्हता आणि आजही मला कुणी गंडेदोरे दाखवले तर मी त्याला दारातून परत पाठवते. माझ्या माहेरी बायांच्या अंगात यायचं, तेव्हा मी त्यांना चिमटे काढून बघायची. दोनदा मार खाल्लाय त्यासाठी. तेव्हा हे लिहिते आहे ते मनोरंजन म्हणून नाही. माझा नातू हल्ली मॅरेथॉन धावतो. मनगटावर घड्याळ, तोंडात सारखं टाइम, टाइम. मेच्या उन्हात प्रॅक्टिस करतो आणि म्हणतो, आजी, मला माझाच रेकॉर्ड तोडायचा आहे. त्याला मी हे तोंडी सांगितलं तर हसला. म्हणून तुमच्या अंकात लिहिते. छापलेलं तरी वाचेल.

तेव्हा नागपूर मध्यप्रांतात होतं आणि दुसरी लढाई चालू होती. आम्ही कोष्टी. इतवारीच्या मागच्या मोहल्ल्यात घर. घरात माणसं चार — सासू, सासरे, नवरा आणि मी. हातमाग खड्ड्यातला, विणकर जमिनीच्या पातळीवर बसतो आणि पाय खाली खड्ड्यात सोडून पावड्या दाबतो. माझा नवरा दिवसभर असा कमरेपर्यंत जमिनीत. दिवस मावळला की बाहेर निघायचा आणि पळायचा. कुठं जायचं म्हणून नाही, नुसता पळायचा. लोक म्हणायचे कोष्ट्याच्या पायाला वारं लागलंय. मला विचाराल तर खड्ड्यात पाय ठेवून ठेवून त्याला भीती वाटायची की ते तिथंच राहतील. हे त्यानंच एकदा सांगितलं होतं. दुसऱ्यांदा सांगितलं नाही.

मोहल्ल्यातल्या आखाड्याची दरवर्षी एक शर्यत असे, पानाची शर्यत. रामनवमीला रामटेकची जत्रा करायची, दुसऱ्या दिवशी पहाटे गडाच्या पायथ्याशी जमायचं. तिथला बरई प्रत्येकाला आपल्या पानमळ्यातलं एक विड्याचं पान मोजून द्यायचा. ते ओल्या फडक्यात गुंडाळून कमरेला बांधायचं आणि अनवाणी नागपूरला आखाड्यात आणून उस्तादांच्या ताटात ठेवायचं. अठ्ठावीस मैल. पान सुकलं तर माणूस बाद, कितीही लवकर येवो. ज्याचं हिरवं पान सगळ्यांत आधी पोचेल त्याचं नाव आखाड्याच्या भिंतीवर गेरूनं लिहीत.

माझा नवरा तीन वर्षं धावला होता. पहिला येण्यासाठी तो धावतच नव्हता. त्याला गिरणीच्या दहाच्या भोंग्याआधी पोचायचं होतं, एवढंच. घड्याळ कुणाकडं होतं? भोंगा हेच घड्याळ. आदल्या वर्षी तो इतवारीत शिरला आणि भोंगा वाजून संपत होता. दोन गल्ल्या कमी पडल्या. त्या दोन गल्ल्या वर्षभर आमच्या घरात होत्या. जेवताना, निजताना.

त्याच आदल्या वर्षी धोंड्याचा महिना येऊन गेला होता. त्यामुळं पुढचा चैत्र लांबला आणि रामनवमी ऐन उन्हाळ्यात गेली. ऊन असं की दुपारी मोहल्ल्यातली कुत्री नालीत बसून राहायची. चार जाणत्या माणसांनी उस्तादांना सांगितलं, यंदा शर्यत पुढं थंडीत, माघात घ्या नाही तर सोडून द्या. उस्ताद म्हणाले, तिथी म्हणजे तिथी. मी नवऱ्याला म्हटलं, यंदा राहू द्या. तो पंचा झटकत होता. म्हणाला, "रामाचा जन्म ऊन पाहून झाला काय वं?"

माझे सासरे दमणी घेऊन निघाले. दमणी म्हणजे हलकी बैलगाडी, माणसं न्यायची. शर्यतीत ज्याच्या त्याच्या घरच्यांनी वाटेत पाणी घेऊन उभं राहायचं असा रिवाज होता. सासऱ्यांनी आदल्या संध्याकाळी मला कामठीला नातेवाइकांकडं उतरवलं, पहाटे सडकेवर आणून सोडलं आणि ते स्वतः मागं कन्हानच्या पुलाकडं गेले. तिथं मुलाला पाणी पाजायचं आणि मग त्याच्या मागून दमणी हाकत माझ्याकडं यायचं, असं ठरलं. माझी जागा होती नागपूर सहा मैल लिहिलेल्या दगडाजवळ. एक कडुनिंब, बाकी दोन्ही बाजूंना उघडी वावरं. आता तिथं मोटारींची दुकानं आहेत, तेव्हा चिटपाखरू नव्हतं. दुसऱ्या घरचे पाणीवाले मैलभर पुढं आणि मैलभर मागं.

माझ्याजवळ एक घागर, लोटा, गूळ आणि दोन कांदे. निघताना सासूनं एकच गोष्ट सांगितली होती. उन्हात लांबून कोणी दिसलं तर तोंड दिसल्याबिगर हाक नोको मारजो. मी मान हलवली आणि मनात हसले. म्हातारीला प्रत्येक गोष्टीत काही ना काही दिसायचं.

शर्यत उशिरा सुटली हे मला तेव्हा माहीत नव्हतं. बरई पानं घेऊन वेळेवर आला नाही, त्यात तासभर गेला आणि ऊन वर आलं. धावणारे अकरा होते. मागून कळलं की सगळ्यांनी तिथंच म्हटलं, आता दहाचा भोंगा विसरा, नुसतं पोचलं तरी पुष्कळ. माझा नवरा मात्र सुटल्याबरोबर सगळ्यांच्या पुढं निघाला.

मी निंबाखाली बसले होते. सडकेवर उन्हाच्या लाटा उठत होत्या, दगडसुद्धा पाण्यात उभा असल्यासारखा हलत होता. सूर्यावरून नऊ वाजून गेले असावेत. कामठीकडून एक माणूस येताना दिसला. लाल पंचा. मला आनंद झाला, एवढ्या लवकर! तो सडकेच्या पलीकडच्या कडेनं येत होता, नजर सरळ समोर, मला न बघता पुढं जाणार असं दिसलं. मी उठून हाक मारली.

"अजी! इकडं या, पाणी!"

नवऱ्याचं नाव घ्यायचं नसे. लग्नाला चार वर्षं झाली होती, मी त्याचं नाव एकदाही उच्चारलं नव्हतं. अजी म्हणजे तोच. दुसऱ्या कुणाला मी अजी कशाला म्हणेन?

तो थांबला. वळला. माझ्याकडं आला.

रिवाज असा की पाणी पाजताना धावणारा थांबत नाही. आपण त्याच्या बाजूनं पळत ओंजळीत धार धरायची. हा थांबला. वाकून ओंजळ पुढं केली. मी लोटा ओतला, तो प्याला. दुसरा ओतला. तिसरा. मी आपली बोलत होते, की लय लवकर आले, भोंगा नाही झाला अजून, जरा दम खा, थोडं डोक्यावर घ्या. त्याची फक्त ओंजळ पुढं. मी घागर कलती करून शेवटचं पाणी लोट्यात घेतलं, तेही संपलं. तेव्हा कुठं त्यानं ओंजळ खाली केली आणि तो गेला.

ओंजळीतून पाणी गळतं. कुणाच्याही गळतं. जमिनीवर मी बघितलं, एक थेंब नव्हता. पण ते मी नंतर बघितलं. त्या वेळी एकच गोष्ट मनात टोचली आणि मी ती बाजूला सारली. बावीस मैल पळून आलेल्या माणसाची छाती भात्यासारखी हलते. याची हलत नव्हती. अजिबात.

मग मी रिकाम्या घागरीशेजारी बसले, सासऱ्यांच्या दमणीची वाट बघत. आणि मग तो आला. माझा नवरा. दुसऱ्यांदा.

तर मी सांगत होते ते वावर.

सडक सोडून जो उतरला तो कसा चालत होता ते मी नीट बघितलं. पाय कुठंही पडत होते. तोंड उघडं. डोळे पुढच्या माणसाच्या पाठीवर. पुढचा दोन पावलं चालायचा, थांबायचा. हा त्याच्या मागं. आणखी दोन पावलं. सडकेपासून दूर, उघड्या रानात, जिथं झाड नाही की विहीर नाही. नुसतं ऊन.

मी ओरडले, "अजी!"

पुढच्यानं मान वळवली.

मागचा तसाच चालत राहिला, जसं ऐकूच आलं नाही. मी पुन्हा ओरडले, अजी, इकडं, इकडं सावली आहे. आणि जो माझ्याकडं बघत होता तो माझ्या दिशेनं चालायला लागला. सावकाश. नवऱ्याचं तोंड, नवऱ्याचे खांदे, डाव्या भुवईवरची खूणसुद्धा तीच, आणि त्यानं दोन्ही हात पुढं जोडले होते. ओंजळ. त्याला आणखी पाणी हवं होतं.

खरं सांगते, मला पळून जावंसं वाटलं. कामठीकडं पळावं, मागं वळून बघू नये. मी एक पाऊल टाकलंही. नवरा मरेल हे कळत होतं आणि तरी टाकलं. हे मी त्याला कधी सांगितलं नाही.

मग मला समजलं की माझी हाक चुकीच्या माणसाला जाते आहे. अजी म्हटलं की हा येतो. पहिल्यांदाही मीच बोलावलं होतं त्याला. तो तर आपला चालला होता पुढं.

मी डोळे मिटले आणि नवऱ्याचं नाव घेऊन ओरडले. "कवडू! ए कवडू!" एकेरी. पोराला मारतात तशी हाक. आयुष्यात पहिल्यांदा. जीभ अडखळली, तोंडात काहीतरी घाण आल्यासारखं वाटलं, तरी तीनदा ओरडले.

डोळे उघडले तेव्हा मागचा थांबला होता. त्यानं माझ्याकडं बघितलं आणि तो गुडघ्यावर बसला. दुसरा अर्ध्या वाटेत उभा होता. हात खाली सोडलेले. तो रागावला नव्हता. रागावला असता तर मला बरं वाटलं असतं. एखाद्याला पंगतीतून उठवलं की तो कसा बघतो, तसा बघत होता. मग तो वळला आणि नागपूरकडं पळू लागला. सरळ, हलका, धूळ न उडवता.

मी वावरात धावले. नवऱ्याला काखेत धरून ओढत निंबाखाली आणला. अंग तव्यासारखं आणि कोरडं, घामाचा टिपूस नाही, जीभ सुजलेली. आणि घागर रिकामी. डोक्यावर घागरीखाली ठेवायची फडक्याची चुंबळ तेवढी ओली होती. ती मी त्याच्या तोंडात पिळली. पाच-सहा थेंब निघाले असतील. कांदा फोडून तळपायाला चोळला. त्याचं डोकं मांडीवर घेऊन बसले असताना शहराकडून बारीक आवाज आला. दहाचा भोंगा. वारं तिकडचं असलं की तेवढ्या लांब यायचा. त्यानं ओठ हलवले, म्हणाला, "गेला." बस, तेवढंच.

पुढं थोड्या वेळानं सासऱ्यांची दमणी आली. तिच्यात पाण्याची कातडी पिशवी होती, तिनं तो वाचला. सासऱ्यांना मी विचारलं, मामाजी, पुलावरून हे किती वेळा गेले? त्यांनी माझ्याकडं बघितलं, माझ्याच डोक्याला ऊन लागलं असं त्यांना वाटलं असावं. म्हणाले, "एकडाव गेला बाई. कितीडाव जाईन?"

आम्ही इतवारीत पोचलो तेव्हा बारा वाजून गेले होते. आखाड्यासमोर गर्दी होती. दमणीत कवडूला बघून लोक भोवती जमले. उस्ताद बाहेर आले आणि म्हणाले, याले काय झालं, आत्ता तर धडधाकट होता. माझ्या सासऱ्यांना समजेना. मग उस्तादांनी सांगितलं. कवडू भोंग्याआधी आला. चांगला आधी. सगळ्यांच्या पुढं. ताटात पान ठेवलं, कुणाशी बोलला नाही, मागं विहिरीकडं गेला, तो परत दिसला नाही. त्यांना वाटलं घरी गेला. चार माणसांनी पाहिला. भिंतीवर त्याचं नाव लिहूनही झालं होतं, गेरू ओला होता.

माझ्या नवऱ्याच्या कमरेचं फडकं सासऱ्यांनी सोडलं. आत त्याचं पान होतं. काळं, चुरा झालेलं. ताटातलं पान हिरवंगार, देठाशी पाणी. शेवटचा माणूस संध्याकाळी आला. बरयानं मोजून अकरा दिली होती. जी पोचली ती मोजली. अकराच भरली — ताटातली दहा आणि आमच्या फडक्यातलं एक. लोक म्हणाले, झालं, बरोबर आहे. पण धावणाऱ्यांतला उस्तादांचा भाचा पोचलाच नव्हता. तो दुसऱ्या दिवशी रामटेकजवळच्या मनसरच्या पुढं मेलेला सापडला, झुडपात, पान कमरेलाच होतं. म्हणजे पानं बारा झाली.

घरी आल्यावर मी सासूला सगळं सांगितलं. वाटलं होतं शिव्या देईल, तोंड पाहिल्याशिवाय हाक मारली म्हणून, आणि नवऱ्याचं नाव घेतलं म्हणून. ती सूत उकलत होती. हात थांबला नाही. तिनं विचारलं, "पाणी पेला काय वं त्यानं?"

म्हटलं, "हो आत्याबाई. सारी घागर."

"पोटभर?"

"शेवटी थांबला, पण मग आणखी मागत होता."

मग तिचा हात थांबला. तिनं सांगितलं. कवडूच्या आधी तिला एक मुलगा झाला होता. चार वर्षांचा असताना चैत्रात ताप आला. वैद्यानं सांगितलं, तापात पाणी पाजायचं नाही. तेव्हा तसंच करत. दोन दिवस पोरगं पाणी मागत होतं आणि हिनं घागर खोलीबाहेर नेऊन ठेवली होती, दिसू नये म्हणून. त्यानंतर हा झाला, तेव्हा जगावा म्हणून शेजारणीला कवडीला विकून परत घेतला आणि नाव कवडू ठेवलं. सांगून झाल्यावर ती पुन्हा सूत उकलू लागली. पुढच्या वर्षापासून मरेपर्यंत, दरवर्षी रामनवमीच्या दुसऱ्या दिवशी सकाळी ती उंबऱ्याबाहेर एक भरलेली घागर ठेवायची.

पण मी ते मानलं असं समजू नका. ते पोर चार वर्षांचं होतं. माझ्यापुढं उभा होता तो चोवीस वर्षांचा बाप्या, भुवईवरच्या खुणेसकट. आणि ती खूण माझ्या नवऱ्याला मागाचा धोटा लागून झाली होती. मेलेली पोरं वाढतात का? दुसऱ्याची खूण त्यांना कशी होते? माझा डॉक्टर भाचा म्हणतो, मामी, तुम्हालाही सनस्ट्रोक झाला होता, भास होतात. असेल. मग आखाड्यातल्या चार जणांना सावलीत बसून काय झालं होतं? आणि मी त्याला वावरात पाहिल्यावर भोंगा व्हायला फार तर पाव तास गेला असेल. तेवढ्यात सहा मैल कोण जातं? मला याचं उत्तर सापडलेलं नाही, आता सापडायचंही नाही.

नवरा पंधरा दिवसांनी उठून बसला. सगळ्यांत आधी आखाड्यात जाऊन उस्तादांना म्हणाला, ते नाव पुसा, ते धावणं माझं नाही. उस्ताद म्हणाले, चौघांनी पाहिलं ते कसं पुसायचं गा? ते पावसाळ्यात आपोआप धुतलं गेलं. उस्तादांचा भाचा गेल्यावर शर्यत बंद झाली. कवडू पुन्हा पळाला नाही. मी मात्र त्या दिवसानंतर त्याला अजी म्हटलं नाही. नावानं हाक मारायची, चारचौघांतसुद्धा. मोहल्ल्यानं मला निर्लज्ज म्हटलं. म्हणू दिलं.

रामटेकहून अकरा जण निघाले, उस्तादांचा भाचा मेला. कवडू वाचला. त्यानंतर चाळीस वर्षं माग चालवला आणि आपल्या खाटेवर गेला, शेवटचं पाणी मी पाजलं. त्याची छाती हलत होती, ते आधी बघितलं.